मास्टर काच

तिने काच काढली, पुसून पुन्हा ठेवली, पुन्हा मोजली. नव्या यंत्राने तिसऱ्यांदाही तेच दाखवलं. मास्टर काच मधोमध खोलगट होती.

खोलगट म्हणजे किती, तर केसाच्या जाडीचा हजारावा भाग. पण हा आरशांचा कारखाना होता आणि इथे तेवढ्यावरून माणसं घरी बसत. प्रत्येक सपाट आरसा या मास्टर काचेशी ताडून पाहायचा. जुळला नाही की नापास. पण त्या काचेलाच कोण तपासणार? नव्या यंत्राला अशा काचेची गरजच नव्हती. ते ध्रुवीकृत प्रकाशाचा एक किरण दुभंगून दोन करी, दोन्ही शेजारी शेजारी टाकी आणि परत आले की त्यांच्यातल्या फरकावरून कुठे उंच, कुठे खोल ते सांगे. कुणाचा मुलाहिजा नाही.

तिच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक आरसा ठेवलेला असे. बाबांनी घासलेला शेवटचा. तो तिने यंत्राखाली ठेवला. पडद्यावर सगळं सपाट. कुठे उंचवटा नाही, कुठे खड्डा नाही.

त्यावर ‘नापास’ हा शेरा तिनेच मारला होता. लागोपाठ पाचवा. बाकीचे कारागीर मास्टरशी जुळेपर्यंत घासत राहत. बाबा म्हणाले, याला आता हात लावणार नाही. बाबांचा हात गेला, असं सगळे बोलू लागले. तिलाही ते खरं वाटलं, याचंच तिला आता जास्त वाईट वाटत होतं. तीस वर्षं आरसे घासलेला माणूस खिडकीशी बसला तो बसलाच. कुणी हाताचं विचारलं की नुसता हसायचा.

जेवणाच्या सुट्टीत ती धावतपळत घरी आली.

“बाबा, तुमचे आरसे सपाटच होते! मास्टर काच झिजलीय. उद्या सगळ्यांसमोर सांगते मी. आणि ती ज्याने झिजवली ना, त्याला मी सोडायची नाही.”

“राहू दे गं,” बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले.

“राहू दे काय? तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“तू नुकती कामाला लागली होतीस. रोज सकाळी हौसेने ती काच पुसायचीस. माझ्या टेबलावरचं, घासायची भुकटी लागलेलं फडकं घेऊन.”