थंडीचे टायर

बर्फाळ मुलखातले जुने टायर फोरमननं मजुरांच्या बसला चढवले, तेव्हा त्यांच्या खोल खाचा पाहून ड्रायव्हर चंद्रहासही हरखला होता. जानेवारीच्या पावसात त्यांनी रस्ता घट्ट धरलाही. पण आज जुलैच्या उन्हात मजुरांना न्यायला आखातातल्या अल ऐनला येताना बस भेलकांडली. उतरून पाहतो तर थंडीसाठी बनवलेलं मऊ रबर उन्हानं सोलून निघालेलं. मजूर बसमध्ये चढत असताना तो साइटवर उभ्या फोरमनकडे गेला. “फोरमनसाहेब, परतीला फुटतील हे. माणसं मरतील.” “दुसरा ड्रायव्हर आहे माझ्याकडे. लेकीच्या लग्नाला जायचंय ना? पासपोर्ट माझ्या खणात आहे. यल्ला, निघ!” भरल्या बसमधून कुणीतरी ओरडलं, “चंद्रूमामा, पोटात कावळे कोकलतायत!” चंद्रहासनं वाकून एकेका टायरच्या व्हॉल्व्हची पिन काढून वाळूत भिरकावली. हवा फुसफुसत गेली आणि बस रिमवर टेकली. “आता फोनवरूनच अक्षता टाक!” फोरमन किंचाळला. शिव्या घालत उतरणाऱ्या भुकेल्या माणसांना चंद्रहास एकेक करून हात देत राहिला.