बटणाचा पुरावा

मालिकेतल्या बायकोनं नवऱ्याच्या शर्टाचं बटण दुसऱ्याच बाईनं लावलंय हे ओळखलं आणि पोलीस सावकाराचा खून करून लपलेल्या त्याच्या प्रेयसीच्या दारात पोचले. “एवढ्याशा बटणावरून खुनाचा छडा? लेखकानं अक्कल गहाण टाकलीय!” म्हणत शिंपीमास्तर खो-खो हसले. धाकटा भाऊ मात्र लेखकाच्या बाजूनं हटून बसला. “वहिनी, काजं-बटणं करण्यात तुमची हयात गेली. तुम्हीच निकाल द्या.” मास्तरांची बायको सुईत दोरा ओवत म्हणाली, “बरोबर लिहिलंय. प्रत्येकीची गाठ मारायची तऱ्हा वेगळी. मी नुसत्या बोटांनी ओळखीन. पण त्या बाईनं लगेच बोभाटा केला, तिथं लेखक चुकला.” “मग तिनं काय करायचं?” भावानं विचारलं. “काही नाही. शर्ट धुवायचा, कडक इस्त्री करायची आणि त्याला घालायला द्यायचा.” मास्तरांचं हसू थांबलं. हात छातीवरच्या बटणाकडे गेला. अंगातल्या शर्टाची इस्त्री कडक होती.