काळ्या मातीतली रोपं

लातूरहून घरी परतलेली आरती खांद्यावरची पिशवीही न उतरवता थेट मागच्या गॅलरीत गेली आणि तिथंच थबकली. रोपांच्या ट्रेवरचं पारदर्शक झाकण कपडे धुवायच्या दगडावर पडलं होतं. त्यात कुणीतरी साबण ठेवला होता.

ट्रे रिकामा. शेजारी दह्याच्या डब्यांची ओळ, डब्यांत काळी, चिखल झालेली माती आणि मातीतून जेमतेम वर आलेली हिरवी टोकं. पार गळ्यापर्यंत गाडलेली.

"आली का?" सासरे, शेषेराव, मागं येऊन उभे राहिले. शाबासकी मिळेल म्हणून चेहरा फुललेला. "कंधारहून येताना आपल्या रानातली माती आणली पिशवीत. मुरलेलं शेणखत घातलं. तुझी रोपं कोळशावर पडून व्हती बिचारी. मातीबिगर झाड जगतंय का कुठं? आता बघ कशी तरारतेत."

आरतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही ऑर्किडची रोपं होती. वाफ्यातून उपटून सरीत लावायला ती काय मिरची होती? झाडाच्या सालीला धरून वाढणारी जात, मुळांना वारा लागतो, मातीत दाबली की कुजते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिनं स्वतः दोन फुलांचा संकर करून धुळीसारखं बी बाटल्यांत रुजवलं होतं. बाकीच्या बाटल्यांना बुरशी लागली, एक तेवढी वाचली. दोन वर्षं काचेतल्या ओलाव्यात वाढलेली ती रोपं तिनं गेल्या आठवड्यात बाहेर काढली, मुळांना चिकटलेली बाटलीतली पोषक जेली कोमट पाण्यात धुतली, शेवाळ आणि कोळशावर निजवली. नांदेडच्या कोरड्या हवेनं करपू नयेत म्हणून वर झाकण. ते रोज थोडं थोडं जास्त उघडायचं, म्हणजे बाहेरची सवय होते. आता दुसरी बाटली नव्हती.

"मामा, काय करून ठेवलंत हे?"

शेषेरावांचा चेहरा पडला. भागवत, तिचा नवरा, स्वयंपाकघराच्या दारात येऊन डोळ्यांनी गप्प राहायची खूण करू लागला. "जाऊ दे ना आरती. प्रेमानं केलंय त्यांनी."

"प्रेमानं गाडली की कुजत न्हाईत का?"

"हळू बोल."

"का हळू बोलू? माझ्या वस्तूला हात लावताना या घरात कुणी मला विचारत न्हाई. आणि मी बोलले की आवाज मोठा."

तिनं घमेल्यात पाणी घेतलं, फरशीवर बसली आणि चमच्याच्या दांड्यानं पहिल्या डब्यातली माती उकरू लागली. काळी माती चिवट, सुटता सुटेना. रोप हातात आलं, मूळ मातीतच तुटून राहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

"पर मी विचारलं की," शेषेराव चाचरत म्हणाले.

"कुणाला?"

"ह्याला. म्हणलं, मातीत लावू का, सूनबाईला चालंल का. हा म्हणला, लावा."

आरतीनं मान वळवून नवऱ्याकडं पाहिलं. निघायच्या आधी याच जागी उभं राहून तिनं त्याला बजावलं होतं, सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा मारायचा, बाकी हात लावायचा नाही, माती तर बिलकुल नाही. त्यानं मान डोलावली होती.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"बाबांना न्हाई कसं म्हणायचं?" भागवत फरशीकडं बघत म्हणाला. "एवढ्या हौसेनं एसटीतून माती आणली होती त्यांनी."

शेषेराव लेकाकडं बघतच राहिले. "न्हाई म्हणला असतास तर मी काय खाल्लं असतं का रे तुला?"

मदत करावी म्हणून भागवत खाली वाकला आणि एका डब्याकडं हात नेला.

"हात लावू नको," शेषेराव कडाडले. मग धोतर सावरत ते स्वतःच उकिडवे बसले आणि डबा ओढू लागले.

आरतीनं डबा त्यांच्या हातातून काढून घेतला. "तुम्ही पण नका लावू, मामा."

बाप-लेक भिंतीला टेकून बसले. आरती एकेक रोप सोडवत राहिली. मूळ शाबूत असलेलं ओल्या फडक्यावर, तुटलेलं बाजूला. बाजूचा ढीग वाढत चालला होता. फडक्यावर मोजकीच होती.

"पाणी काळं झालं," ती वर न बघता म्हणाली. "दुसरं आणा. आणि माझ्या झाकणातला साबण काढा."

कुणाला, ते तिनं सांगितलं नाही. दोघंही एकदमच उठले.