मशिनापुढचं गाऱ्हाणं

उपचाराच्या तिसाव्या दिवशी यशोदेने पिशवीतून नारळ काढला आणि थेट मशिनासमोर ठेवला.

"इथे फोडायचा नाही हं," डॉक्टर तन्वी घाईघाईने म्हणाल्या.

"फोडूक नाय ओ. गाऱ्हाणा घालतंय."

तिचा नवरा गुरुदास अजून खुर्चीतच होता. दोन वर्षं तीन डॉक्टरांच्या गोळ्या खाऊनही मरणाचा विचार त्याच्या डोक्यातून हलला नव्हता. शेवटी मालवणातल्या घराला कुलूप घालून दोघं गोव्यातल्या या दवाखान्यात आली. रोज त्याच्या डोक्याशी चुंबकाचं वेटोळं धरायचं, की सुतारपक्षी बसल्यासारखी टकटक सुरू. गावात बातमी अशी, की गुरुदासच्या डोक्यातले खिळे ओढून काढतात आणि आजवर सव्वा किलो निघाले. ते स्वतः तराजूत घातलेला माणूसही गावात होता.

विसाव्या दिवशी गुरुदास जेवताना बोलला, "सारात मीठ कमी आसा." यशोदेने ती तक्रार फोनवरून गावच्या आळीभर पेढ्यांसारखी वाटली.

डॉक्टर म्हणत होत्या, फरक चांगला आहे. पण पावसाळ्यातली मासेमारीची बंदी आता उठणार, होडी पाण्यात जाणार, आणि होडीत गुरुदास एकटा. गेला आणि मुद्दामच परत आला नाही तर? हे त्याला विचारायला तिची जीभ रेटत नव्हती.

"हयचो राखणदार कोण?" तिने विचारलं.

"वॉचमन? खाली असेल."

"वॉचमन नाय ओ बाई! जागेचो देव."

तन्वी डॉक्टर पुण्याच्या. पुस्तकात हा प्रश्न आलेला नव्हता.

"मगे ह्याच," म्हणून यशोदेने मशिनाला हात जोडले. "मी थांबलंय काय तुमी 'व्हय म्हाराजा' म्हणा."

खरं तर देवाला असं गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घालायचं ते पुरुषाने. पण तिचा पुरुष मीठ सोडून दुसऱ्या कशावर बोलत नव्हता.

"बा देवा म्हाराजा! तुझा नाव माका म्हायत नाय. रागव नको."

"होय महाराजा," डॉक्टर म्हणाल्या, परीक्षेला बसल्यासारख्या.

"ह्या बाईंच्या हाताक यश दिलंस, तसाच देत ऱ्हव. हय येतल्या सगळ्यांका बरा कर."

"होय महाराजा!"

"ह्यो माझो घोव. ह्येच्या मनात मराणाचा जा काय शिरला होता, ता तू..."

पुढचा शब्द येईना. दोन वर्षांत तिने हे कुणासमोर उच्चारलं नव्हतं, त्याच्यासमोर तर नाहीच. तिने पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. डॉक्टरांना होय म्हणावं की थांबावं कळेना.

गुरुदास खुर्चीतून उठला. पायांत चपला होत्या, त्या त्याने बाजूला काढून ठेवल्या.

"अर्धवट सोडू नये गो," तो तिला हळूच म्हणाला. मग मशिनाकडे वळला आणि हात जोडले.

"ता तू भायर काढलंस म्हाराजा. उपकार झाले. आता पुनवेक मी होडी दर्यात घालतलंय. जाळ्यात मासळी गावांदे, नाय गावांदे. माका तेवढो सांजेक परत घराक हाड."