लांबून दिसणारा ठोकळा

आपला ठोकळा कितीही लांबून वाचता येतो, असं अक्षरकार छातीठोकपणे सांगत असे. ठोकळा म्हणजे त्याने स्वतः घडवलेला अक्षरांचा टाइप. जाडजूड, काटकोनी, ना वळण ना नखरा, पाट्यांसाठीच जन्मलेला. फर्निचरच्या दुकानावर त्याने त्या टाइपातले दोनच शब्द लावले, ‘आत या’, आणि खात्री करायला तो उलटा चालत निघाला.

चौकातून अक्षरं दिसली. पुलावरूनही दिसली. दुकान काडेपेटीएवढं झालं, अक्षरं मात्र होती तेवढीच राहिली.

“याला म्हणतात काम!” तो स्वतःशीच म्हणाला.

वळणावर दुकान दिसेनासं झालं. अक्षरं दिसतच होती.

घरी जेवताना ती अक्षरं समोरच्या भिंतीवर होती.

“असं टक लावून काय बघताय? पाल आहे का?” बायकोने विचारलं.

“काही नाही,” म्हणत त्याने घास गिळला. काम डोळ्यांत भरलं की थोडा वेळ तिथे राहणारच, अशी त्याने स्वतःची समजूत काढली.

तेवढ्यात त्याचे वडील खुर्चीतून उठले. त्यांची दृष्टी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

“हे तुझंच अक्षर ना रे? काय ठसठशीत काढलंयस! शाबास.”

त्याची छाती फुगली, आणि मग तो ताटावरून ताडकन उठला.

“बाबा, बसा खाली!”

“अरे, एवढं बोलावतायत, जायला नको?”

वडील काठी न घेताच भिंतीकडे चालू लागले. खोली कधीच संपली होती, तरी त्यांच्या स्लिपरांचा आवाज लांब लांब जात राहिला.