मऊ 'ह'

साबण आणि तारेची घासणी घेऊन मी कॉफीची किटली लख्ख केली, आणि सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातच थबकल्या. फ्लॉरेन्सच्या घरांत या किटलीला साबण लावत नाहीत, नुसत्या पाण्याने विसळतात. आत साचलेल्या थरामुळेच कॉफीला चव येते म्हणे. सातारच्या सुनेला हे कोण सांगणार?

लग्नाला दोन वर्षं झाली, तरी सासूबाई माझ्याशी रेडिओवरच्या बातम्यांसारखं शुद्ध इटालियन बोलत. माझ्या नवऱ्याशी, शेजारणीशी बोलताना मात्र त्यांचा 'क' विरघळून 'ह' व्हायचा. घराला इटालियनमध्ये 'कासा' म्हणतात, त्यांच्या तोंडी ते 'हासा' होई. काय गोड लागायचं ते कानाला! आतल्या खोलीतून मी ऐकत राही. माझ्या वाट्याला कायम कडक 'क'च.

आज त्या कडाडल्या, "कार्टे, आपल्या हासात असलं चालत नाही!"

हसू दाबत मी म्हटलं, "चुकलं. आपल्या हासात पुन्हा नाही करणार."

त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, 'ह'वर एवढा जोर नको. चष्मा पुसताना काचेवर वाफ सोडतो ना, तसा सोड. हं, म्हण परत."