मंगळवारची सव्वादहाची बस

डोंगरावरच्या थॉर्नगिल गावाहून खाली शहरात जाणारी बस आठवड्यातून एकदाच, मंगळवारी सव्वादहाला, तीही सरकारी अनुदानावर. हिल्डाचा नवरा नॉर्मन शहरातल्या वृद्धाश्रमात होता. ती बस चुकली की आठवडाभर त्याचं तोंड दिसायचं नाही. अनुदान बंद होणार अशी कुणकुण लागताच हिल्डाने अख्खं गाव कामाला लावलं.

टेलिफोन कंपनीला करमाफी मिळाल्यामुळे नुकतंच डोंगरावर इंटरनेट चढलं होतं. तेव्हा बस वाचवायची सभा घरबसल्याच घ्यायचं ठरलं.

"पण मंगळवारीच कशाला गं?" शेजारच्या सिरिलने विचारलं.

"अरे, त्या दिवशी दहाच्या आत सगळी म्हातारी माणसं आवरून तयार असतात! बाकी दिवशी तू तरी दुपारपर्यंत पायजम्यातून बाहेर पडतोस का? एक मंगळवार नॉर्मन समजून घेईल."

मंगळवारी दहाला सगळं गाव चहाचे मग घेऊन पडद्यासमोर बसलं. बस हवीच म्हणून एकूण एक बत्तीस हात वर झाले. हिल्डाला भरून आलं.

शुक्रवारी अनुदान देणाऱ्या काउन्सिलचं पत्र आलं.


"मंगळवारच्या बसमध्ये आमचा माणूस प्रवासी मोजायला बसला होता. थॉर्नगिलला कुणीही चढलं नाही. सबब, अनुदान बंद."